मानद सेवेची निवृत्ती : किल्ल्या कोणाच्या हाती?

राजीनामा हा शब्द आपण सहसा नोकरीशी जोडतो, फार तर राजकारणाशी. ज्या कामाचा पगार नाही, ज्याचे नेमणूकपत्र नाही आणि ज्यात भागीदारीचा एक पैसाही नाही, त्या कामातून निवृत्त होताना कोणाला काय सांगायचे असते, असा प्रश्न आपल्या व्यापारी मनाला पडणे स्वाभाविक आहे. तथापि आपल्या भोवतीचे कितीतरी व्यवहार अशा बिनपगारी माणसांच्या आधारावर उभे असतात. गृहनिर्माण संस्थेचे सचिव, धर्मादाय दवाखान्याचे खजिनदार, विद्यार्थी वसतिगृहाचे हिशेब पाहणारे गृहस्थ ही त्यांतली ओळखीची उदाहरणे. आज ज्या क्षेत्राविषयी लिहीत आहे ते मात्र आपल्या पिढीला अपरिचित असून पुढच्या पिढीच्या हातात रोज असते. ते म्हणजे मुक्त संगणकप्रणालींचे क्षेत्र, आणि त्यातही संगणकीय खेळ घडवणाऱ्या 'गेम इंजिना'चे.

मला हा विषय समजला तो घाटकोपरला आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एका तरुणामुळे. वडिलांचा लोहार चाळीत विजेच्या सामानाचा व्यापार. मुलगा संगणक अभियंता, दिवसा एका खासगी कंपनीत नोकरी. रात्री जेवण झाल्यावर साडेदहापासून एकपर्यंत तो अशाच एका मुक्त गेम इंजिनाचे काम विनामूल्य करीत असे. थोडीथोडकी नव्हे, आठ वर्षे. यंदा घरात बाळ आले, वडिलांची प्रकृती नरम झाली, दुकानाकडे लक्ष देणे भाग पडले आणि त्याने त्या कामातून मोकळे होण्याचा निर्णय घेतला. गेले दोन महिने तो अस्वस्थ होता. वडिलांना त्या अस्वस्थतेचे कारणच कळेना. ते मला म्हणाले, "साहेब, पगार नाही, भाग नाही, मग हा राजीनामा देतोय तरी कोणाला?"

प्रश्न रास्त होता. उत्तर देण्यापूर्वी ते काम काय असते हे समजून घेणे मला आवश्यक वाटले.

एखादा खेळ बनवायचा तर चित्रे हलवावी लागतात, उजेड आणि सावली दाखवावी लागते, चेंडू भिंतीवर आदळून उलटा यावा लागतो, आवाज योग्य क्षणी उमटावा लागतो. प्रत्येक खेळासाठी हे सारे नव्याने लिहीत बसणे म्हणजे प्रत्येक लग्नाच्या पंगतीसाठी नवी भांडी घडवण्यासारखे आहे. म्हणून ही समाईक कामे करणारी एक तयार यंत्रणा असते. तिला गेम इंजिन म्हणतात. काही इंजिने कंपन्यांच्या मालकीची असतात, तर काहींचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असतो. दुसऱ्या प्रकारातील आज सर्वाधिक चर्चेत असलेले इंजिन म्हणजे 'गोडो'. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर या दोघांनी ते आपल्या कामासाठी घडवले आणि २०१४ साली जगासाठी खुले केले. सॅम्युअल बेकेट यांच्या विख्यात नाटकावरून त्याला नाव मिळाले. त्याचा परवाना इतका उदार आहे की कोणीही ते वापरावे, बदलावे, त्यावर खेळ बनवून विकावा. स्वामित्वशुल्क द्यावे लागत नाही, केवळ मूळ परवान्याचा उल्लेख सोबत ठेवावा लागतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये 'युनिटी' या प्रसिद्ध व्यावसायिक इंजिनाच्या कंपनीने एक नवा आकार जाहीर केला. ठरावीक मर्यादेपलीकडे खेळ जितक्या वेळा उतरवून घेतला जाईल तितक्या वेळा शुल्क, असा तो प्रस्ताव होता. खेळ बनवणाऱ्यांत मोठा असंतोष पसरला आणि वर्षभराने कंपनीने तो आकार रद्द केला. परंतु त्या काळात अनेकजण खुल्या इंजिनांकडे वळले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहता, गिऱ्हाइकांची रांग एकाएकी वाढली आणि दुकानात माणसे मात्र तेवढीच राहिली.

ही माणसे कोण असतात? गोडोसाठी २०२२ साली नेदरलँड्समध्ये एक ना-नफा प्रतिष्ठान उभे राहिले. देणग्यांतून काहीजणांना मोबदला मिळतो; पण कामाचा फार मोठा भाग जगभरचे स्वयंसेवकच उचलतात. त्यांतही नवे काही लिहून पाठवणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याने पाठवलेली दुरुस्ती वाचून, तपासून, चाचणी करून ती स्वीकारावी की परत करावी हे ठरवणारे थोडे. आमचा तरुण शेजारी त्या थोड्यांपैकी एक होता. बँकेच्या भाषेत सांगायचे तर धनादेश लिहिणारे हजारो, पण सही पडताळून तो पारित करणारा अधिकारी एकच. रांगेतल्या प्रत्येकाला वाटते, आपलाच कागद अडला आहे. त्याला शिव्या मिळतात त्या विलंबाच्या. त्याने थोपवलेल्या चुका कोणाला दिसत नाहीत.

असे काम सोडण्याचा एक जुना आणि बोलका दाखला आहे. 'ओग्र' नावाची त्रिमितीय चित्रे उमटवणारी मुक्त यंत्रणा स्टीव्ह स्ट्रीटिंग या गृहस्थांनी सुरू केली आणि अनेक वर्षे सांभाळली. २००९ साली आलेला 'टॉर्चलाइट' हा गाजलेला खेळ तिच्याच आधारे तयार झाला. २०१० साली पाठीच्या दुखण्यामुळे स्ट्रीटिंग यांनी नेतृत्व सोडले. त्यांनी ते उघडपणे सांगितले आणि काम इतर सहकाऱ्यांकडे गेले. ओग्रचा विकास त्यानंतरही सुरूच राहिला आहे. संस्थापक बाजूला झाला आणि संस्था राहिली, यापेक्षा संस्थापकाचा मोठा गौरव मला तरी ठाऊक नाही.

दुसरा दाखला 'पायथन' या संगणकभाषेचा. आपली मुले महाविद्यालयात हीच भाषा शिकत असतात. गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली ती प्रसिद्ध केली आणि पुढे तब्बल सत्तावीस वर्षे शेवटचा शब्द त्यांचाच असे. जुलै २०१८ मध्ये, भाषेत एक लहानसे नवे चिन्ह आणण्यावरून झालेल्या कडवट वादानंतर, त्यांनी ते पद सोडले. विशेष म्हणजे त्यांनी वारस नेमला नाही. घराण्याच्या पेढीत असे घडते तर आपण त्याला बेजबाबदारपणा म्हटले असते. पण पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. कार्यकर्त्यांनी कारभाराचे निरनिराळे आराखडे मांडले, मतदान केले आणि २०१९ च्या आरंभी पाचजणांचे एक सुकाणू मंडळ निवडून आले. त्याच्या नियमांत अशी अट घातली की एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा अधिक सदस्य त्या मंडळावर असू नयेत. आपल्या न्यासांच्या घटना लिहिणाऱ्यांनी हे कलम जरूर लक्षात घ्यावे. पहिल्या मंडळात स्वतः गुइडो निवडून आले होते. मात्र आता ते पाचांपैकी एक होते.

आता तिसरा दाखला, आणि तो या दोहोंइतका सुखद नाही. 'एक्सझेड' नावाची एक छोटी प्रणाली आहे. माहितीचा आकार दाबून लहान करणे एवढेच तिचे काम. पण जगातील असंख्य सर्व्हर तिच्यावर विसंबून आहेत. फिनलंडचे लासे कॉलिन हे एकटे गृहस्थ ती वर्षानुवर्षे विनामोबदला सांभाळीत होते. प्रकृतीच्या कारणाने त्यांचा वेग मंदावला. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला की काम होत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. त्याच सुमारास 'जिया तान' या नावाची एक व्यक्ती नम्रपणे, नियमितपणे मदत करीत होती. हळूहळू विश्वास बसला आणि अधिकार दिले गेले. दोन वर्षांहून अधिक काळ चोख काम केल्यानंतर, २०२४ च्या आरंभी, त्याच हाताने प्रणालीत एक चोरदरवाजा ठेवला. तो अधिक पसरण्यापूर्वी मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले की आपल्या संगणकात दुरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत आहे. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत ते चोरदरवाजापर्यंत पोहोचले. जिया तान कोण, हे आजही उघड झालेले नाही.

ज्याने कधी रोजमेळ लावला आहे त्याला या अर्ध्या सेकंदाचे मोल सांगायला नको. पाच रुपयांचा फरक लागला की रात्री दहापर्यंत बसणारे हिशेबनीस आपण पाहिले आहेत. तो फरक पाच रुपयांचा असतो म्हणून कोणी शोधत नाही. तो का पडला हे कळेपर्यंत इतर आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून शोधतात.

या तीन दाखल्यांवरून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. स्वयंसेवक काम सोडतो हा धोका नव्हे. तो थकेपर्यंत एकटाच असतो, आणि थकल्यावर घाईने किल्ल्या देतो, हा खरा धोका. बँकेत यासाठी जुनी आणि साधी व्यवस्था आहे. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एकट्याला ती उघडता येत नाही. बदली झाली की कार्यभाराची यादी होते. रोकड, किल्ल्या, मौल्यवान दस्तऐवज, प्रलंबित प्रकरणे यांची नोंद होऊन देणारा आणि घेणारा दोघेही सही करतात. जुन्या अधिकाऱ्याची नमुना सही रद्द होते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीने, आणि तेही पूर्वसूचना न देता, रजेवर पाठवले जाते. यामागे गैरव्यवहार उघडकीस यावा हा हेतू आहेच. पण मला त्याचा दुसराही उपयोग दिसतो. ते दहा दिवस शाखा त्या माणसाशिवाय चालून पाहते.

एवढे समजून घेतल्यावर मी त्या तरुणाशी बोललो. त्याने परवान्याचा मुद्दा काढला. "काका, परवान्यात स्पष्ट लिहिलेले असते की हे जसे आहे तसे देत आहोत, कसलीही हमी नाही. मग मी कायद्याने कोणाचे काही देणे लागत नाही ना?" कायद्याने लागत नाही, हे खरे. पण असा प्रश्न ज्याला पडतो त्याला कायद्याचे उत्तर पुरत नाही. माझ्या मते, विनामूल्य काम करणारा पुढचे काम देणे लागत नाही. आठ वर्षे दिली म्हणून नववे वर्ष मागण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. मात्र किल्ल्या तो देणे लागतो. कुठे काय अडले आहे, कोणता निर्णय कोणत्या कारणाने झाला, कोणती दुरुस्ती दिसायला बरी असूनही का नाकारली, ही माहिती त्याच्या एकट्याच्या डोक्यात असेल तर ती त्याची राहत नाही. ती त्या कामाची ठेव असते.

आपल्या व्यवहारात याला पूरक असा एक कायदाही आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम ३२ नुसार, भागीदार निवृत्त झाला तरी त्याची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत तिऱ्हाइतांच्या दृष्टीने त्याची जबाबदारी संपत नाही. वर्तमानपत्रात अशा सूचना आपण नेहमी वाचतो. कायदा इथे निष्ठुर नाही. तो एवढेच सांगतो की जाण्याचा हक्क तुला आहे, पण गेलास हे लोकांना कळू दे. पाटीवर नाव आणि दुकानात माणूस नाही, ही स्थिती सर्वांत वाईट. मुक्त प्रणालींच्या जगात तर हे फारच घडते. सांभाळणारा हळूहळू येईनासा होतो, नाव तसेच राहते, लोक वाट पाहत राहतात आणि नव्या माणसाला पुढे यायला संकोच वाटतो.

त्या तरुणाने पुढे जे केले ते मला अनुकरणीय वाटले. निवृत्तीची तारीख त्याने तीन महिने आधी जाहीर केली. कारण एका ओळीत सांगितले. कोणावर ठपका ठेवला नाही. आपल्याकडील प्रलंबित दुरुस्त्यांची यादी करून प्रत्येकीपुढे आपले मत लिहिले. आपल्या जागी एकाऐवजी दोघांची नावे सुचवली, आणि ती दोघे त्याच प्रकल्पात पूर्वीपासून ओळखीची होती. त्यांच्या बरोबर काही आठवडे काम केले. ते निर्णय घेत, हा फक्त पाहत असे. शेवटच्या दिवशी त्याने स्वतःचे विशेष अधिकार स्वतःच काढून टाकायला लावले. हे शेवटचे पाऊल त्याला सर्वांत जड गेले.

ते का जड गेले, हेही त्याने सांगितले. "माझ्याशिवाय काम अडेल ही भीती होतीच. पण काका, माझ्याशिवाय ते अडलेच नाही तर, याची भीती जास्त होती." सेवानिवृत्त झालेल्या प्रत्येकाला हे वाक्य आतून ओळखीचे वाटेल. छत्तीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी शाखा नेहमीच्या वेळी उघडली, याचे मला क्षणभर वाईट वाटले होते. नंतर उमगले की ती वेळेवर उघडावी यासाठीच तर आपण छत्तीस वर्षे पगार घेतला.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तरही मी त्यांच्याच भाषेत दिले. म्हटले, "शेठ, तुमचा जुना मुनीम गावी निघाला आणि उधारीची वही कुठे ठेवली हे न सांगताच गाडीत बसला, तर?" ते हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "वही तर मीही कुठे लिहून ठेवली आहे?" लोहार चाळीतील कोणता ठेकेदार कधी पैसे देतो, कोणाला किती दिवसांची सवलत द्यायची, कोणाला शब्दावर माल सोडायचा, हे सारे त्यांच्या डोक्यात आहे. त्या आठवड्यापासून बाप-लेक रविवारी सकाळी दोन तास बसतात. वडील सांगतात, मुलगा लिहून घेतो. आठ वर्षे परक्यांच्या दुरुस्त्या तपासलेला मुलगा बारकाईने प्रश्न विचारतो, अशी वडिलांची तक्रार आहे. तक्रार करताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते.

व्यापारी वाचकांना वाटेल की खेळांच्या इंजिनाशी आपला काय संबंध. परंतु मुक्त प्रणाली आपल्या हिशेबाच्या वहीपर्यंत आल्या आहेत. 'ईआरपीनेक्स्ट' ही जगभर वापरली जाणारी मुक्त व्यवसायप्रणाली मुंबईचीच. रुषभ मेहता यांनी आपल्या कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायाची गरज भागवताना तिची सुरुवात केली, आणि तिची 'फ्रॅपे' ही कंपनी आमच्या शेजारच्या विद्याविहारची. मुंबईचेच दृष्टिहीन संगणकतज्ज्ञ कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने 'ग्नूखाता' ही मुक्त लेखाप्रणाली उभी राहिली. बँकेचे संकेतस्थळ उघडताना जी सुरक्षित जोडणी होते, तिच्यासाठी जगभर 'ओपनएसएसएल' ही मुक्त प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. २०१४ साली तीत 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष सापडला तेव्हा लोकांना कळले की इतका भार वाहणाऱ्या या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलरच्या देणग्या मिळत होत्या आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला. माल फुकट मिळतो तेव्हा तो कोणाच्या श्रमाने मिळतो हे विचारण्याची सवय आपण ठेवत नाही, आणि वही बंद पडली की मात्र प्रथम बोट त्याच्याकडे दाखवतो.

म्हणून दोन्ही बाजूंनी काही पथ्ये पाळता येतील. सेवा घेणाऱ्यांनी जाणाऱ्याला 'आता सोडून कसे चालेल' असे म्हणून अडवू नये. त्याने काय सांभाळले हे त्याच्या निरोपापूर्वी विचारून घ्यावे आणि आभार मानताना कामाचे नाव घेऊन मानावेत. नव्या मदतनिसाच्या गोडव्यापेक्षा त्याची ओळख आणि वेळ पाहावी. आणि कोणी थकलेल्या माणसाला घाई करीत असेल तर त्या घाईचाच संशय घ्यावा. सेवा देणाऱ्यांनी दुसरी किल्ली पहिल्याच वर्षी कोणाला तरी द्यावी, दहाव्या वर्षी नव्हे. वर्षातून दहा दिवस ठरवून बाजूला व्हावे आणि काम कुठे अडते ते पाहावे. जेथे अडेल तेथे लिहून ठेवावे.

दिवाळीपूर्वी आपल्या पेढ्यांवर नव्या वह्या येतील. त्या वेळी प्रत्येक घराने एक पान वेगळे काढावे. दुकानाचा, संस्थेचा, सोसायटीचा कोणता कारभार केवळ एकाच माणसाला ठाऊक आहे, याची यादी त्या पानावर करावी आणि प्रत्येक नोंदीसमोर दुसरे एक नाव लिहावे. ज्या ओळीसमोर नाव सुचत नाही, तेथून सुरुवात करावी.